धाब्यावरचा गहू

मालेगावच्या नव्या वस्तीत घरं पुष्कळ झाली, पण ज्याची कापणी करायची पाळी यावी असं घर एकच झालं, आणि ते माणिकरावांचं. हा मान त्यांनी कुणाकडं मागितला नव्हता. माणिकराव पाटबंधारे खात्याच्या एका लहानशा कचेरीत हेडक्लार्क होते आणि जावक क्रमांकाशिवाय शिंकसुद्धा येऊ नये असा त्यांचा स्वभाव होता. अशा माणसाच्या घराच्या छपरावर गहू उगवावा, यात नियतीचा काय हेतू होता ते नियतीलाच ठाऊक. लेखी तिनं काही कळवलं नाही.

खरा घोळ सुरू केला तो केनवडच्या दौलतरावांनी. त्यांच्या मास्तर असलेल्या मुलानं माणिकरावांच्या अंजनाला पसंत केलं होतं. अंजनालाही मुलगा पसंत होता, इतका की त्याचं नाव निघालं की ती घासलेली भांडी पुन्हा घासायला घ्यायची. देण्याघेण्याचा प्रश्नच नव्हता. दौलतराव चळवळीतले जुने माणूस. हुंड्याचा ह उच्चारला असता तर सोयरीक तिथंच मोडली असती. पण चहाची बशी खाली ठेवता ठेवता ते बोलले, "मले काई नाई पाह्यजे, भाऊ. फकत लगन तुमच्या सोताच्या घरापुढं झालं पाह्यजे. आपल्या बापजाद्यायले लोकायनं ओट्यावर बसू देलं नाई. आता आपन सोताच्याच ओट्यावर बसाचं. माघात धरू."

बोलणं बिनतोड होतं. अडचण एवढीच की माणिकरावांना ओटाच नव्हता. भाड्याच्या दोन खोल्या होत्या, आणि घरमालकानं अंगणात मांडव घालू द्यायला साफ नकार दिला होता. त्याचं म्हणणं, मांडवाच्या खड्ड्यांनी अंगण खराब होतं. अंगणात आधीच इतके खड्डे होते की आणखी चार त्याला सापडले नसते, पण भाडेकरूनं घरमालकाशी भूगोलावर वाद घालू नये. म्हणजे माघाच्या आत स्वतःचं घर उभं राहिलं तर अंजनाचं लग्न, नाहीतर दौलतरावांचा रामराम, अशी सरळ मांडणी होती.

नव्या वस्तीत माणिकरावांचा एक प्लॉट होता. त्यावर एक बाभूळ होती आणि बाभळीला नेहमी कुणाची तरी म्हैस बांधलेली असे. तिथं स्लॅबचं घर बांधायचं भागिरथाबाईंच्या, म्हणजे माणिकरावांच्या बायकोच्या, मनात फार दिवसांपासून होतं. पण तेव्हा सिमेंट परमिटवर मिळे. माणिकरावांनी अर्ज केला. परमिट आलं तेव्हा सिमेंट संपलं होतं. सिमेंट आलं तेव्हा परमिटची मुदत संपली होती. आणि मुदतवाढीचा अर्ज घेऊन गेले तेव्हा अर्ज घेणारा कारकून रजा संपवून यायचा होता. माणिकरावांना राग आला नाही. कामाची अशी नीटनेटकी पद्धत पाहून एक प्रकारचा आपलेपणाच वाटला.

त्याच सुमारास त्यांच्या खात्यानं त्यांना एका शिबिराला धाडलं. तिथं खादीतले एक विद्वान आले होते. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं की सिमेंट हा माणसाचा शत्रू आहे, घर आपल्या भोवतालच्या मातीचंच हवं, मातीचं घर उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार राहतं, आणि मुख्य म्हणजे मातीचं घर श्वास घेतं. एवढं सांगून विद्वान मुक्कामाला सिमेंटच्या विश्रामगृहात गेले आणि दोन पंखे लावून झोपले. पण माणिकरावांच्या मनात वाक्य रुतलं. जे मिळत नाही ते वाईटच असतं, हे शास्त्राच्या आधारानं सिद्ध झालं म्हणजे मध्यमवर्गीय माणसाला जी शांती लाभते, ती त्यांना लाभली. घरी आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, "आपलं घर श्वास घेणार आहे."

"आदी आपल्याले घेऊ द्या," भागिरथाबाई म्हणाल्या. "जलमभर मातीच्या घरात राह्यले, आता पाटबंधाऱ्याच्या सायबाच्या घरी बी माती? लोकं काय म्हनतीन?"

लोकं म्हणालीच. वस्तीत सल्ल्याला परमिट लागत नसे. कुणी म्हणालं, मातीत चुना घाला. कुणी म्हणालं, गूळ घाला. एक निवृत्त मास्तर तर उडदाचं पीठ घाला म्हणाले, आणि नंतर असंही म्हणाले की उरलं तर आमच्याकडं पाठवून द्या. शेजारच्याच प्लॉटवर बसगाड्यांचे मेकॅनिक असलेले गोविंदसिंग स्लॅबचं घर बांधत होते. त्यांना सिमेंट कसं मिळालं हे विचारायचं नसतं. ते रोज संध्याकाळी कमरेवर हात ठेवून येत आणि म्हणत, "करा करा. हौसेले मोल नाई. पावसायात आमच्याकडं या झोपाले."

काम दिलं हेमलाला. हेमला मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा मिस्त्री. त्याला मातीची कामं येत, पण हल्ली तो स्वतःला सिमेंटचा कारागीर म्हणवून घ्यायचा, त्यामुळं मातीचं काम सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला. माणिकरावांनी त्याला घर कसं श्वास घेतं ते समजावलं.

"श्वास घेते तं दमा बी होईन, सायेब," हेमला म्हणाला, आणि पाया खणायला लागला.

भिंती उभ्या राहिल्या. वर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, घालायचं ठरलं: तुळया, त्यावर किलच्या म्हणजे लाकडाच्या चिरफळ्या, त्यावर निंबाचा पाला आणि त्यावर हातभर माती. आता धाब्यावर गावठाणातली पांढरी माती घालतात. तिच्यात गवताचं पातंही उगवत नाही म्हणूनच घालतात. पण विद्वानांनी 'भोवतालची उत्तम माती' असं म्हटलेलं होतं, आणि माणिकरावांच्या खात्याच्या तलावातला गाळ त्या वर्षी फुकट न्यायला मोकळा होता. काळाशार, लोण्यासारखा गाळ. उत्तम आणि शिवाय फुकट, म्हटल्यावर माणिकरावांनी आणखी चौकशी केली नाही. त्यात शेण मिसळलं, हेमलानं आपल्या खळ्यावरचं गव्हाचं कुटार, म्हणजे भुसा, आणून मिसळलं, आणि तुडवून तुडवून घरावर चढवलं. शेतकी खात्यानं एखाद्या नमुना शेताची एवढी मशागत केली असती तर त्याचं उद्घाटन झालं असतं.

घर दिवाळीनंतर उभं राहिलं. बरं दिसत होतं. अंजना दोनदा येऊन ओट्यावर बसून गेली. आता नुसतं वाळू द्यायचं, सारवायचं आणि माघाची वाट पाहायची. पण नेमकी त्याच आठवड्यात गोविंदसिंगांच्या स्लॅबला तराई सुरू झाली.

तराई म्हणजे नव्या सिमेंटला पाणी मारणं. त्यानं सिमेंट घट्ट होतं. पण त्या वर्षांत तराईला सिमेंटापलीकडचा मान होता. स्लॅबवर पाण्याचे वाफे साचलेले, कडेनं धारा लागलेल्या, आणि खाली मालक छत्री नसताना छत्री असल्यासारखा उभा. सारी गल्ली बघायला जमायची. भागिरथाबाईंना दुसऱ्या दिवशी जेवण गेलं नाही.

"आवो, त्यायच्या घराले दोन टाइम पानी हाये. आपल्या घराले कोनी घोटभर पाजत नाई."

"मातीच्या घराला पाणी घालत नसतात. विरघळेल."

"थोडंथोडं घालू. लोकायले वाटन तं खरं, का अंदरून सिमिट हाये म्हनून."

माणिकरावांनी शिबिरात मिळालेलं पुस्तक काढून पाहिलं. मातीच्या घराला पाणी मारू नये असं त्यात कुठंही लिहिलेलं नव्हतं, कारण कुणी मारील असं लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पण ज्या गोष्टीला मनाई नाही तिला हरकत नाही, हा कचेरीचा नियम. शिवाय 'अंदरून सिमिट' ही कल्पना त्यांनाही आतून कुठंतरी आवडली होती. तेव्हा तराईला मंजुरी मिळाली, आणि हे काम सोपवलं पुंजाजींकडं.

पुंजाजी म्हणजे माणिकरावांचे वडील. जन्म लोकांच्या वावरात मजुरी करण्यात गेला, आणि पोरगा नोकरीला लागल्यावर त्यांच्या हातांना एकाएकी सुट्टी मिळाली. ती त्यांना कधीच सोसली नाही. भाड्याच्या खोलीच्या दारात ते दिवसभर बसून राहत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाऊसपाणी विचारत. तराईचं काम मिळालं तसे ते पहाटे उठू लागले. बादल्या घेऊन शिडीनं धाब्यावर चढत ते जेवायलाच उतरत. भागिरथाबाई गल्लीतल्या बायकांना मोठ्यानं सांगत, "मामांजीले म्हटलं, तराईत कसर नाई पाह्यजे." बायका माना डोलावत. सगळं मनासारखं चाललं होतं.

एका सकाळी माणिकराव दाढी करत असताना गोविंदसिंग खोलीच्या दारात येऊन ओरडले, "माणिकराव! तुमच्या घराले केस आले हो!"

एका गालाला साबण तसाच ठेवून माणिकराव प्लॉटवर धावले. भिंतींना खरंच लव फुटली होती. पण ते काहीच नव्हतं. शिडीनं वर जाऊन बघतात तो सगळं धाबं हिरवंगार. चांगला वीतभर गहू डोलत होता, आणि त्यात पुंजाजी उकिडवे बसून काहीतरी निवडत होते.

"बा, हे काय?"

"गहू," पुंजाजी म्हणाले.

"ते दिसतंय. आला कुठून?"

म्हातारा आकाशाकडं बघत म्हणाला, "कुटारात दाना राह्यला असन."

झालं. हेमलाला बोलावणं गेलं. माणिकरावांनी त्याला आपल्या खास सरकारी आवाजात विचारलं की कुटारात दाणे ठेवून सरकारी नोकराच्या घराचं शेत करण्यामागं त्याचा काय उद्देश होता. हेमला तडक तांड्यावर परत गेला. माणिकरावांना वाटलं, शरमला बिचारा. दुसऱ्या दिवशी त्याची बायको कमलीबाई हातात सूप घेऊन हजर झाली, आणि तिच्या मागं निम्मा तांडा.

"कोनं म्हटलं माह्या कुटारात दाना राह्यला?" तिनं प्लॉटच्या मधोमध उभं राहून विचारलं. "माह्यी उफननी हाये ती! साऱ्या तांड्यात इचारा. माह्या कुटारात कोंबडीले टोच माराले दाना भेटत नाई, अन् तुमाले वावरभर गहू भेटला? माह्या हाताले नाव ठेवता?"

माणिकरावांनी सांगून पाहिलं की हाताला नाही, कुटाराला नाव ठेवलं आहे. पण उफणणाऱ्या बाईच्या लेखी त्यात काहीच फरक नसतो. तिनं तिथंच पोत्यातलं कुटार सुपात घेऊन पाखडून दाखवलं. सगळी वस्ती त्या भुशात खोकत उभी राहिली. एकही दाणा निघाला नाही. शेवटी भिंतींवरची लव माणिकरावांच्याच शेणातल्या गवताची असल्याचं तांड्यानं बहुमतानं ठरवलं, माणिकरावांना सर्वांदेखत माफी मागावी लागली आणि हेमलानं उरलेलं सारवणाचं काम सोडून दिलं. दाणा नव्हता तर गहू कुठून आला, हे विचारायचं त्या गडबडीत सगळेच विसरले. माणिकरावांनी तर पुढच्या प्रत्येक कागदावर 'कुटारातून आपोआप उगवलेला गहू' असंच लिहिलं.

आता हा गहू उपटून टाकायचा म्हटलं तर पुंजाजी आडवे आले. "उपटू नको. मुया पार अंदर गेल्या. उपटलं तं धाबं गयन, सारी माती खाली येईन." हे मत इतकं तांत्रिक वाटलं की माणिकरावांना ते नाकारता येईना. मग गव्हाचा वास लागून वस्तीतल्या शेळ्या यायला लागल्या. बाजूच्या मातीच्या ढिगावरून त्या सरळ धाब्यावर चढत. पाखरंही आली. पुंजाजींनी कुठूनशी गोफण पैदा केली आणि घरावर मचाण बांधलं. पहिलाच दगड त्यांनी असा नेमका फेकला की पाखरं जागच्या जागी राहिली आणि गोविंदसिंगांच्या तराईच्या टाकीला भोक पडलं. त्या दिवसापासून गोविंदसिंगांचं सल्ला देणं बंद झालं. एवढा एक फायदा त्या गव्हानं करून दिला, हे मान्य करायला हवं.

पुढचं संकट सायकलवरून आलं. ते होते जगदेव तलाठी. पीकपाहणी करत ते वस्तीच्या कडेकडेनं चालले होते. मान वर केली आणि सायकल थांबली. उभं पीक दिसलं की लिहिल्याशिवाय पुढं जायचं नाही, असा त्यांचा बाणा. आणि शिस्त म्हणजे काय हे माणिकरावांना कुणी शिकवायला नको होतं.

"माणिकराव, जागा अकृषक ना तुमची? म्हंजे शेतीची नाई, घराची?"

"होय. घराचीच."

"मंग हा गहू?"

"आपोआप उगवलेला आहे."

"पानी देता?"

"पाणी नाही. तराई करतो."

"म्हंजे बागायती," जगदेव म्हणाले आणि त्यांनी लिहून घेतलं. मग धाब्याकडं बारीक डोळे करून बघत राहिले. "आपोआप म्हनता, तं मंग वयीनं कसा हो? येक रेघ इकडची तिकडं नाई."

"कुटार तसं पसरलं असेल."

"इतकं शिस्तीचं कुटार म्या आजवर पाह्यलं नाई," जगदेव म्हणाले आणि सायकलवर बसून गेले.

त्यानंतर कागद सुरू झाले. बागायती पीक म्हटल्यावर पाण्याची चौकशी माणिकरावांच्याच खात्याकडं आली. तिथं असल्या नोटिसा काढायचं काम हेडक्लार्कचं. तेव्हा माणिकरावांनी स्वतःलाच एक कडक नोटीस लिहिली, जावक क्रमांक टाकला, शिपायाकरवी घरी धाडली, संध्याकाळी घरी जाऊन सही करून घेतली, आणि खुलासा असमाधानकारक आहे असा शेरा दुसऱ्या दिवशी मारला. भागिरथाबाईंनी विचारलं, "तुमी सोताच सोताले काहून बोलून राह्यले?" त्यावर त्यांनी खुलाशाची दुसरी प्रत काढायला घेतली.

खरा घाव पुढं होता. महसूलच्या कचेरीतून कागद आला: 'सदर अकृषक जागेत उभे बागायती पीक आढळले असून, त्या पिकात विनापरवाना घर उभे असल्याचे दिसते. तरी उभ्या पिकास इजा न पोहोचवता घर काढून घ्यावे, व चौकशी पूर्ण होईतो जागेत राहू अथवा समारंभ करू नये.'

माणिकरावांनी तो तीनदा वाचला. भाषा निर्दोष होती. ते कचेरीत गेले. घर आधी होतं आणि पीक नंतर आलं, हे त्यांनी तिथल्या कारकुनाला परोपरीनं सांगितलं.

"कागदावर पीक आदी आलं, घर मंग," कारकून म्हणाला. "तुमचा घर पुरं झाल्याचा दाखला अजून नाई. तुमी खुद्द या खुर्चीत असते तं काय केलं असतं?"

माणिकरावांनी प्रामाणिकपणे विचार केला, आणि आपणही हेच केलं असतं हे ध्यानात येऊन त्यांचा चेहरा पडला. शेवटी कारकुनालाच दया आली. त्यानं वाट सांगितली: पीक पेरलेलं नसून आपोआप उगवलेलं आहे, असा जबाब द्यायचा; तलाठ्यासमोर आणि पंचांसमोर ते उपटून टाकायचं; मग घर म्हणजे घर. दिवस ठरला. पंच म्हणून गोविंदसिंग आनंदानं तयार झाले. आणि दौलतरावांचाही निरोप त्याच दिवसाचा आला: घर पाहायला येतो, मांडवाची जागा ठरवू.

त्या सकाळी माणिकराव इस्त्रीचा सदरा घालून प्लॉटवर पोचले. जगदेव आले होते, गोविंदसिंग स्वतःची खुर्ची घेऊन आले होते. भागिरथाबाईंनी पाव्हण्यांसाठी चहाचं सामान ओट्यावर मांडलं होतं आणि अंजना त्याच्यामागं नवं लुगडं सावरत उभी होती. गहू तेवढा उपटायचा राहिला होता. शिडी जागेवर नव्हती.

शिडी धाब्यावर होती. पुंजाजींनी ती वर ओढून घेतली होती आणि ते गव्हाच्या कडेला गोफण घेऊन बसले होते.

"बा, शिडी खाली सोड."

"नाई सोडत."

"बा, पाव्हणे यायची वेळ झाली!"

"येऊ दे. त्यायले बी दिसू दे."

नेमके तेव्हाच दौलतराव बसमधून उतरून, धोतराचा सोगा हातात धरून, वाटेनं आले. 'जय भीम' करण्यासाठी त्यांनी हात जोडले, आणि नजर धाब्यावर गेली तसे हात तसेच जोडलेले राहिले. माणिकरावांना धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं, पण धरणी त्यांनी स्वतःच छपरावर नेऊन ठेवली होती.

जगदेवांनी समजुतीनं घेतलं. "बावाजी, खाली या. ते काई पीक नोहे. आपोआप आलेलं गवत हाये. तुमच्या पोरानंच तसं लिहून देलं."

पुंजाजी उभे राहिले. "आपोआप?" ते म्हणाले. "आपोआप काई येत असते का रे? म्या पेरलं. बोटानं रेघा मारल्या अन् येक येक दाना टाकला. आपोआप कायचं?"

माणिकरावांच्या डोळ्यांपुढून त्यांचे सगळे अर्ज, खुलासे, कमलीबाईची मागितलेली माफी असं एका रांगेत गेलं. "बा, कायले केलं तू असं?" एवढंच ते ओरडले. सायबी मराठी केव्हाच सुटली होती.

"कायले?" म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज उतरला. "जलमभर लोकाचं पेरलं, माणिक. निंदलं, कापलं, त्यायच्या खयावर नेऊन टाकलं. तुही माय बी त्यातच गेली. येथं पानी टाकाले चढलो तं सारी माती ओली. कायीशार, लोन्यावानी. म्या भागिरथाले इचारलं, बाई, माती कोनाची व्हय? ते म्हने, आपलीच हाये, मामांजी. मंग हात नाई राह्यला, बावा."

माणिकराव वर बघत राहिले. हा माणूस पाटलाशी, तलाठ्याशी, कुणाही शर्टवाल्याशी बोलताना जमिनीकडं बघत बोलायचा. पोराच्या साहेबाला भेटायला नेलं तेव्हाही तो साहेबाच्या बुटांशी बोलला होता. आज तो वरून बोलत होता, आणि सगळे मान वर करून ऐकत होते. माणिकरावांचा राग कुठं गेला ते त्यांना कळलं नाही. आपल्या बापाची त्यांना लाज वाटत आली होती, आणि आता त्या लाजेचीच लाज वाटली.

जगदेवांनी खिशातून पेन काढलं. "मंग काय लिहू, माणिकराव? आपोआप आलेलं लिहिलं तं आत्ता उपटू, घर तुमचं मोकयं. पेरलेलं लिहिलं तं पीक निघेपर्यंत इथं राह्यता येनार नाई. माघ गेला तुमचा. इचार करून सांगा."

माणिकरावांनी अंजनाकडं पाहिलं. दौलतरावांकडं पाहायची त्यांची छाती झाली नाही. अंजना हातातली कपबशी घट्ट धरून उभी होती. तिचे डोळे भरले होते. तिनं धाब्याकडं एकदा बघितलं आणि हळूच म्हणाली, "आबाचा गहू उपटू नका, बाबा."

"पेरलेलं लिहा," माणिकराव म्हणाले.

गोविंदसिंगांची खुर्ची करकरली. भागिरथाबाईंनी पदर तोंडाला लावला. आता दौलतराव काय बोलतात याकडं सगळ्यांचे कान लागले. दौलतरावांनी वहाणा काढून ओट्याखाली ठेवल्या, धाब्याखाली जाऊन उभे राहिले आणि हाक मारली, "बावाजी, शिडी सोडा. पाहू द्या तुमचं वावर."

"कोन तुमी?"

"तुमचा इवाई. अंजनाचा सासरा."

शिडी खाली आली. दौलतराव वर चढले. बराच वेळ ते गव्हात उकिडवे बसून पातं न् पातं चाचपत होते. मग त्यांनी वरूनच सांगितलं, "माह्या बी बापाले येवढी जागा भेटली नाई, माणिकराव. असती तं त्यानं हेच केलं असतं. अन् उभ्या पिकात कोनी मांडव टाकते का? गहू निघू द्या. वैशाखात करू लगन. पोरं काई पयून नाई जात."

अंजनाच्या हातून कपबशी सुटली ती तेव्हा. पण त्या गडबडीत तिच्या आईनंसुद्धा तिला रागावलं नाही.

जगदेव ओट्यावर बसून लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी कागद सहीला माणिकरावांपुढं केला. वरून पुंजाजींनी मान बाहेर काढली.

"काय लिव्हलं रे त्यानं? वाच."

माणिकरावांनी कागद उचलला. "पीक, गहू," ते वाचू लागले. "बागायती. पेरणाराचे नाव, पुंजाजी वल्द गोमाजी."

म्हातारा आणखी पुढं वाकला. मग म्हणाला, "आजूक येकडाव वाच."

माणिकरावांनी घसा साफ केला आणि पुन्हा वाचलं. या खेपेला मात्र इतक्या मोठ्यानं की स्लॅबच्या घरांपलीकडं रस्त्यानं जाणारी माणसंसुद्धा थांबून बघू लागली.